शंकू पडला की दोन सेकंद

अमेरिकेतल्या ऑटोक्रॉसमध्ये गाडी एखाद्या शंकूला लागली आणि शंकू आडवा झाला, की चालकाच्या वेळेत दोन सेकंद वाढतात. शंकू म्हणजे रस्त्याचं काम चालू असताना लावतात तोच, नारिंगी प्लास्टिकचा, गुडघ्याएवढा. दोन सेकंद ऐकायला किरकोळ वाटतात. पण इथे सगळी शर्यतच मिनिटभराची असते, आणि पहिल्या-दुसऱ्या क्रमांकात बहुतेक वेळा सेकंदाच्या दहाव्या, कधी शंभराव्या भागाचा फरक असतो. त्यामुळे शंकू पडला की ती फेरी हातची गेली असंच धरून चालतात.

खेळ समजायला सोपा आहे. डांबराचं किंवा काँक्रीटचं एखादं मोठं मोकळं मैदान घ्यायचं, त्यावर शंकू मांडून वळणावळणाची वाट आखायची, आणि एकेका गाडीने ती कमीत कमी वेळात पार करायची. शेजारी दुसरी गाडी नसते, कुणाला मागे टाकायचं नसतं, स्पर्धा घड्याळाशी. स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिका ही तिथली या खेळातली सर्वांत मोठी संस्था. वाट कशी आखावी याचे आकडेच तिच्या नियमपुस्तकात दिलेले आहेत. वाटेची रुंदी किमान १५ फूट हवी, ओळीने मांडलेल्या शंकूंमध्ये किमान ४५ फूट अंतर हवं, आणि दिव्याचा खांब, कठडा, झाड अशा कुठल्याही पक्क्या वस्तूच्या २५ फुटांच्या आत वाट येता कामा नये. सरळ पट्ट्यातही वेग ताशी शंभर किलोमीटरच्या फार पुढे जाणार नाही अशी आखणी करतात. लोक हायवेवरून रोज कामावर जातात तो वेग यापेक्षा कमी नसतो. बहुतेक वाट दुसऱ्या गिअरमध्येच संपते.

मोटारींच्या शर्यती म्हटलं की आपल्यासमोर फॉर्म्युला वन येते: कोट्यवधींचा खर्च, पन्नास माणसांचा ताफा, आणि आपण टीव्हीसमोर. ऑटोक्रॉसमध्ये शुक्रवारी ऑफिसला नेलेली गाडी रविवारी मैदानात उतरते आणि संध्याकाळी त्याच गाडीच्या डिकीत किराणा भरून माणूस घरी जातो. आपली गाडी नेमकी कुठपर्यंत ऐकते आणि कुठे ऐकेनाशी होते, हे कुणाच्या जिवाला धोका न पोचवता कळण्याची याहून स्वस्त आणि प्रामाणिक जागा मला माहीत नाही.

स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिकाची स्थापना १९४४ मधली. महायुद्ध संपल्यावर ब्रिटनमधून एमजीसारख्या छोट्या, उघड्या टपाच्या गाड्या अमेरिकेत येऊ लागल्या. त्यांची ताकद बेताची, पण वळणावर चपळ. त्या पळवायला सगळ्यांना पुरतील एवढे ट्रॅक नव्हते; रविवारी ओस पडलेली पार्किंगची मैदानं मात्र गावोगाव होती. तिथे हा खेळ रुजला. क्लबच्या कारभारात त्याचं नाव ‘सोलो’. १९७३ मध्ये पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली. २००९ पासून ती नेब्रास्का राज्यात लिंकन इथे, १९६६ मध्ये बंद झालेल्या हवाई दलाच्या तळावर सप्टेंबरमध्ये भरते. एकेकाळी बॉम्बर विमानं उभी राहत त्या काँक्रीटवर हजाराहून अधिक चालक जमतात. ब्रिटनमध्ये याच नावाचा खेळ शेतातल्या गवता-मातीवर चालतो आणि भारतातही ऑटोक्रॉस म्हणजे प्रामुख्याने मातीवरची स्पर्धा. मी लिहितो आहे ते अमेरिकेतल्या, पक्क्या जमिनीवरच्या खेळाबद्दल.

राष्ट्रीय स्पर्धेपेक्षा स्थानिक क्लबचा रविवार समजून घेणं जास्त मोलाचं, कारण खेळ तिथे जगतो.

सकाळी सात-साडेसातला माणसं मैदानावर येऊ लागतात आणि पहिलं काम म्हणजे गाडी रिकामी करणं. पाण्याच्या बाटल्या, लहान मुलांच्या सीट, पायाखालची मॅट, डिकीतली स्टेपनी, सगळं बाहेर एका ताडपत्रीवर. कारण सोपं आहे: करकचून वळताना सुटी बाटली ब्रेकच्या पेडलखाली जाऊन बसली तर अनर्थ होईल. मग तपासणी. तपासणारा चाक हातात धरून हलवून बघतो, बेअरिंग सैल तर नाही ना. चाकांचे नट घट्ट आहेत का, बॅटरी पक्की बांधलेली आहे का, ब्रेकचं पेडल दाबल्यावर टणक लागतं का, ॲक्सिलरेटर सोडला की पटकन परत येतो का, टायर झिजून आतली तार दिसत नाही ना. हेल्मेट सक्तीचं, नसेल तर बहुतेक क्लब दिवसापुरतं देतात. उंच आणि अरुंद गाड्यांना, म्हणजे ज्या उलटण्याची भीती असते त्यांना, सहसा प्रवेश मिळत नाही. नंबर आणि क्लासची, म्हणजे गाडीच्या वर्गाची, अक्षरं दारावर लागतात. नवखे लोक ती रंगकामाच्या निळ्या चिकटपट्टीने चिकटवतात, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही.

यानंतर जे होतं ते मला या खेळातलं सर्वांत महत्त्वाचं वाटतं. सगळे चालक वाट पायी चालतात. वाट दर वेळी नवी असते. आदल्या दिवशी किंवा भल्या पहाटे कुणीतरी ती आखलेली असते, आणि फेरी सुरू होण्याआधी तिच्यावर सराव करायला मिळत नाही. काय कमवायचं ते पायांनीच. एरवी गाडीतून सुसाट जाणारी माणसं हातात कॉफीचा कप घेऊन संथपणे वळणं मोजत फिरत असतात. पहिली चक्कर वाट समजून घेण्यासाठी, कारण दोनशे शंकू एकाच रंगाचे आणि एकाच उंचीचे दिसतात. मोकळ्या मैदानात त्यांतून वाट ओळखणं हीच नवख्याची पहिली परीक्षा. मदतीला आडवे ठेवलेले शंकू असतात. ते ज्या उभ्या शंकूकडे टोक करून पडलेले असतात, त्याच्या कोणत्या बाजूने जायचं हे त्यांच्यावरून कळतं. दुसऱ्या-तिसऱ्या चकरेत जाणते लोक वेगळंच बघतात. जमिनीला उतार कुठे आहे, डांबराचा जोड कुठे, बारीक खडी कुठे साठली आहे, आणि मुख्य म्हणजे कुठला शंकू खरा महत्त्वाचा. खाली वाकून, गाडीत बसल्यावर डोळे जेवढ्या उंचीवर असतील तेवढ्या उंचीवरून वाट बघणारेही दिसतात. शेवटी बरेच जण डोळे मिटून सगळी वाट मनात चालवून बघतात. ज्याला ती शेवटपर्यंत दिसत नाही, तो पुन्हा चालायला जातो.

वाटेवर शंकू ओळीने लावलेले असतात आणि त्यांच्यातून नागमोडी जायचं असतं, तो भाग म्हणजे स्लॅलम. नवखा माणूस पहिला शंकू ओलांडून झाला की दुसऱ्यासाठी स्टिअरिंग फिरवतो. एवढा उशीर खूप झाला. दुसऱ्या शंकूला तो थोडा मागे पडतो, तिसऱ्याला आणखी, चौथ्या-पाचव्यापर्यंत गाडी शंकूंच्या मागे धावत असते आणि ब्रेक मारण्यावाचून गत्यंतर उरत नाही. शंकूपाशी पोचण्याआधीच स्टिअरिंग उलट्या बाजूला वळायला लागलेलं असलं पाहिजे. ते साधायचं तर नजर जवळच्या शंकूवर ठेवून चालत नाही, दोन शंकू पुढे ठेवावी लागते. शेजारी बसलेला शिक्षक दिवसभर एकच सांगत असतो: पुढे बघ. शंकूकडे बघितलं की गाडी शंकूवर जाते, कारण हात नजरेच्या मागे जातात.

आता एका गणिताकडे येतो, कारण इथे बऱ्याच जणांची समजूत चुकते. वळण घेताना मोठा वळसा घेतला तर वेग जास्त ठेवता येतो, म्हणून मोठा वळसा चांगला, असं वाटतं. पहिला अर्धा भाग बरोबर आहे. चांगल्या टायरची गाडी वळणावर साधारण गुरुत्वाकर्षणाएवढं, म्हणजे एक ‘जी’ इतकं त्वरण सहन करते असं धरू. २० मीटर त्रिज्येच्या वळणावर तिला सेकंदाला १४ मीटर, म्हणजे ताशी ५० किलोमीटर वेग ठेवता येतो. त्रिज्या २५ मीटर केली तर हाच वेग ताशी ५६ होतो. पण आता वेळ मोजा. अर्धवर्तुळ, म्हणजे गाडीचं तोंड पूर्ण उलट फिरवणारं वळण घेऊ. छोट्या वळशात सुमारे ६३ मीटर अंतर पडतं आणि ते साडेचार सेकंदांत संपतं. मोठ्या वळशात साडेअठ्ठ्याहत्तर मीटर पडतं आणि ५ सेकंद लागतात. वेग सहा किलोमीटरने जास्त, तरी अर्धा सेकंद नुकसान! मोठ्या वळशातून बाहेर पडताना वेग जास्त असतो, तो पुढच्या सरळ पट्ट्यात कामी येतो हे खरं. पण पुढे ६० मीटर सरळ असेल तर एखाद्या दमदार गाडीला त्यातून भरून मिळतो तो सेकंदाचा पाचवा भागसुद्धा नाही. मोठ्या रेसट्रॅकवर वळणानंतर अर्धा-एक किलोमीटर सरळ रस्ता असतो, तिथे हिशोब उलटू शकतो आणि मोठा वळसा जिंकू शकतो. ऑटोक्रॉसमध्ये सरळ रस्ताच तोकडा, म्हणून कमी अंतर कापणारा अनेकदा पुढे जातो. जाणते चालक शंकूला जवळजवळ घासून जातात ते याचसाठी. ताशी ५० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाच्या हजाराव्या भागात दीड सेंटिमीटरसुद्धा जात नाही आणि घड्याळ मात्र हजाराव्या भागापर्यंत मोजतं. प्रत्येक वळणाला हातभर बाहेरून जाणाऱ्याची संध्याकाळी निकाल लागतो तेव्हा बेरीज केवढी होते, याचा अंदाज यावरून येईल.

पकडीचं गणित याहून खोल आहे. रस्त्याला टेकलेला टायरचा भाग तळहाताएवढा. चार तळहातांवर सगळी गाडी. ब्रेक, वेग आणि वळण ही तिन्ही कामं त्याच पकडीतून भागवायची असतात. ब्रेकला सगळी पकड खर्च झाली तर वळायला काही उरत नाही. मग स्टिअरिंग कितीही फिरवा, गाडीचं नाक सरळच जातं. घाबरून आणखी फिरवलं की आणखी बिघडतं. उपाय उलटा आहे: ब्रेक थोडा सोडायचा, स्टिअरिंग थोडं मागे आणायचं, पुढच्या चाकांना पकड परत मिळू द्यायची. आता वजनाचं बघा. एसटीत उभं असताना ड्रायव्हरने जोरात ब्रेक लावला की सगळे पुढे कलंडतात, तसा गाडीचाही भार पुढच्या चाकांवर जातो आणि मागची चाकं हलकी होतात. वळणाच्या ऐन मध्यावर एकदम ॲक्सिलरेटर सोडला तरी हेच होतं, आणि गाडी गरकन उलटी फिरून थांबते. रस्त्यावर हे होतं तेव्हा समोर ट्रक असतो. इथे चार शंकू उडतात, धूर निघतो, इंजिन बंद पडतं, आणि चालक पुढच्या फेरीत तेच वळण वेगळ्या रीतीने घेतो.

टायरवरचा भार दुप्पट झाला म्हणून पकड दुप्पट होत नाही, थोडी कमीच वाढते. वळताना बाहेरच्या चाकांवर जितका जास्त भार जातो, तितकी सगळ्या गाडीची मिळून पकड घटते. हलक्या, बुटक्या आणि रुंद गाड्या इथे का चमकतात याचं उत्तर या एका वाक्यात आहे. १९८९ साली आलेली माझदा मियाटा, जेमतेम टनभर वजनाची, सुरुवातीच्या मॉडेलात सव्वाशे घोड्यांचीही ताकद नसलेली, आजही जवळपास प्रत्येक क्लबच्या मैदानावर दिसते. टायरच्या खांद्यावर खडूने रेघ मारून फेरीनंतर ती कुठपर्यंत पुसली गेली ते बघणं आणि त्यावरून हवा कमी-जास्त करणं, ही तिथली रोजची गोष्ट. फार आत पुसली गेली असेल तर टायर लोळतो आहे, हवा वाढवा. खडूच्या कांडीने जे कळतं ते महागड्या उपकरणाने कळतंच असं नाही.

मग प्रश्न येतो की चारशे घोड्यांची कॉर्व्हेट आणि घरगुती होंडा सिव्हिक यांची तुलना करायची कशी. गाड्यांचे क्लास ठरलेले असतात. गाडी कंपनीतून आली तशीच आहे की तिच्यात बदल केले आहेत, किती केले, टायर कुठले, यावरून क्लास पडतो. रस्त्यावरच्या क्लासांत टायरचा टिकाऊपणाचा आकडा किमान २०० असावा लागतो, म्हणजे दोन फेऱ्यांत झिजणारे खास शर्यतीचे टायर घालून कुणी बाजी मारू नये. त्यावर एक गुणकही वापरतात. प्रत्येक क्लासला एक दशांश आकडा दिलेला असतो आणि वेळेला त्याने गुणतात. समजा कॉर्व्हेटने ४८ सेकंद घेतले आणि तिचा गुणक ०.८३ असेल, तर हिशोबाची वेळ ३९.८४. सिव्हिकने ५१ सेकंद घेतले, गुणक ०.७८, तर ३९.७८. सिव्हिक जिंकली. हे आकडे मी समजावण्यासाठी घेतले आहेत, पण असा निकाल स्थानिक स्पर्धेत नेहमी लागतो आणि त्यामुळेच जुनी छोटी गाडी घेऊन येणाऱ्यालाही मान वर करून उभं राहता येतं.

सगळ्यांत मनापासून सांगावीशी वाटते ती मात्र कामाची पद्धत. इथे पैसे भरून फक्त गाडी चालवून निघून जाता येत नाही. चालकांचे गट पाडतात; एक गट गाडी चालवतो तेव्हा दुसरा मैदानावर राबतो, मग उलट. डॉक्टर असो, मेकॅनिक असो, कॉलेजचा मुलगा असो, उन्हात शंकू उचलण्यातून कुणाची सुटका नाही. वाटेच्या एकेका भागावर तीन-चार जण उभे असतात. एकाकडे वॉकीटॉकी, एकाकडे लाल झेंडा, जवळ आग विझवायचं नळकांडं. पहिला नियम: चालू गाडीकडे पाठ करायची नाही.

प्रत्येक शंकूच्या तळाभोवती खडूने चौकोन आखलेला असतो. गाडी शंकूला लागून गेली की त्या भागावरचा माणूस आधी येणारी गाडी किती लांब आहे ते बघतो आणि मग धावतो. शंकू आडवा पडला असेल तर दंड. उभा आहे पण चौकोनाच्या पूर्ण बाहेर सरकला असेल तरी दंड. उभा आहे आणि त्याच्या तळाची एक कड जरी खडूच्या रेघेला टेकलेली असेल, तरी माफ. तो शंकू जागेवर ठेवतो, हात वर करतो आणि वॉकीटॉकीवर शब्द जातात: ‘फोर्टी-टू, ब्लू मियाटा, प्लस वन.’ वेळ नोंदवणाऱ्या व्हॅनमध्ये बेचाळीस नंबरच्या नावापुढे दोन सेकंद चढतात. त्यावर वाद घालणारा सहसा भेटत नाही, कारण शंकू बघणारा माणूस कदाचित त्याच क्लासमधला प्रतिस्पर्धी असतो आणि तासाभरापूर्वी या चालकानेच त्याचे शंकू मोजलेले असतात. पडलेला शंकू पुढची गाडी येईपर्यंत उभा करायला वेळच मिळाला नाही, तर त्या पुढच्या गाडीच्या चालकाने थांबून शंकूकडे बोट दाखवायचं. त्याला फेरी पुन्हा मिळते. वाटेवरचं एखादं फाटक, म्हणजे दोन शंकूंमधली जागा, चुकवलं तर मात्र ती फेरी बाद.

हे सगळे हात फुकट राबतात म्हणून दिवसाची फी थोडी. साधारण पन्नास डॉलरच्या आसपास, कुठे कमी, कुठे जास्त. त्यात मिळतात चार-पाच फेऱ्या, म्हणजे सगळ्या दिवसात गाडी चालवायला जेमतेम पाच मिनिटं. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला हा सौदा आतबट्ट्याचा वाटतो. पण त्या पाच मिनिटांत ब्रेक पूर्ण दाबला जातो, पायाखाली एबीएसचे झटके जाणवतात, मागची चाकं घसरून परत पकडीत येतात. पंचवीस वर्षं गाडी चालवणाऱ्या कितीतरी लोकांनी यातलं काहीच कधी अनुभवलेलं नसतं. त्यांना ते पहिल्यांदा कळतं ते अपघाताच्या क्षणी, आणि तेव्हा शिकायला वेळ नसतो. म्हणूनच तिथे काही क्लब नवशिक्या मुलामुलींना अशाच शंकूंमध्ये आणीबाणीत ब्रेक मारणं आणि गाडी सावरणं शिकवतात.

या खेळाला ग्रासणारी अडचण गाड्यांची नाही, जमिनीची आहे. लागतं ते भलंमोठं, गुळगुळीत, मधे खांब नसलेलं मैदान, आणि ते द्यायला तयार असलेला मालक. मॉल पाडून घरं होतात, जुन्या विमानतळांवर कारखाने येतात, शेजारचे लोक आवाजाची तक्रार करतात, विम्याच्या भीतीने मालक माघार घेतो. कॅलिफोर्नियात सॅन फ्रान्सिस्को भागातल्या चालकांना क्रोज लँडिंगच्या जुन्या नौदल धावपट्टीपर्यंत पल्ला मारून जावं लागलेलं आहे. मिळालेलं मैदान टिकवायचं म्हणून क्लब मैदानाबाहेर एकही टायर न करकरू देण्याबद्दल फार कडक असतात. पार्किंगमध्ये किंवा बाहेरच्या रस्त्यावर मस्ती केली तर त्या दिवसापुरतंच नाही, कायमचं नाव कापलं जाऊ शकतं. मला हा कडकपणा पूर्ण पटतो.

महाराष्ट्राशी या खेळाचं एक नातं आधीच जुळलेलं आहे, ते इंजिनिअरिंग कॉलेजांच्या वर्कशॉपमधून. विद्यार्थ्यांनी स्वतः बनवलेल्या रेसकारची फॉर्म्युला एसएई ही स्पर्धा १९८१ मध्ये अमेरिकेत सुरू झाली. तिच्यात ऑटोक्रॉस हा स्वतंत्र भाग आहे: सुमारे ८०० मीटरची शंकूंची वाट, सरळ पट्टे ६० मीटरच्या आतले, आणि शंकूला दंड तोच, दोन सेकंद. त्याच धर्तीवर भारतात फॉर्म्युला भारत ही स्पर्धा कोइम्बतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर भरत आली आहे आणि पुण्या-मुंबईच्या कॉलेजांचे संघ तिच्यात उतरतात. या मुलांनी सस्पेन्शनची आकडेमोड केलेली असते, चॅसी वेल्ड केलेली असते, पण शंकूंमधून गाडी चालवायचा सराव करायला त्यांना जागा मिळत नाही. चाकण, रांजणगाव, नाशिक, छत्रपती संभाजीनगर या पट्ट्यात गाड्या बनवणारे आणि त्यांचे सुटे भाग पुरवणारे कारखाने आहेत, सुट्टीच्या दिवशी रिकाम्या पडणाऱ्या त्यांच्या पार्किंगच्या जागाही आहेत. भारतातल्या मोटारस्पर्धांचं नियमन फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्ज ऑफ इंडिया करते. तिची रीतसर परवानगी घेऊन, विमा काढून, ॲम्ब्युलन्स उभी करून, एखाद्या कारखान्याच्या मैदानावर महिन्यातला एक रविवार या खेळाला मिळाला, तर घाटात रात्री गाड्या पळवणाऱ्या पोरांपैकी काही जण तरी तिथे येतील. माझी कारखानदारांना आणि क्लबांना ही कळकळीची विनंती आहे. अवघड काही नाही: शंकू, खडू, घड्याळ आणि उन्हात उभं राहायला तयार असलेली माणसं.

अमेरिकेत असलेल्या वाचकांना तर वाट बघायचंही कारण नाही. डेट्रॉइटच्या आसपास गाड्यांच्या कंपन्यांत काम करणारी कितीतरी मराठी माणसं आहेत. ज्या सस्पेन्शनवर ती दिवसभर कॉम्प्युटरसमोर काम करतात, ते हद्दीवर कसं वागतं हे पाठीला कळण्याची सोय त्यांच्या गावाजवळच असते, कारण स्पोर्ट्स कार क्लबचे देशभर शंभराहून अधिक विभाग आहेत. बीएमडब्ल्यू आणि पोर्शच्या मालकांचे क्लबही असे दिवस भरवतात आणि अनेक ठिकाणी इतर गाड्यांनाही प्रवेश असतो. पहिल्या खेपेला गाडीवर एक पैसाही खर्च करू नका. महागडे टायर, नवं सस्पेन्शन यांतल्या कशानेही पहिल्या वर्षात तुमच्या वेळेत पडणार नाही तेवढा फरक चार वेळा नीट वाट चालल्याने पडतो. टायरमध्ये हवा भरून घ्या, चाकांचे नट पान्याने एकदा बघा, टोपी, पाणी आणि बंद बूट घ्या, आणि नाव नोंदवताना नवखे आहोत असं स्पष्ट लिहा. बहुतेक क्लबांत शिकवणारा शेजारी बसतो, आणि त्याचे वेगळे पैसे पडत नाहीत.